८०५१ असेंब्लीत इफ, व्हाइल आणि फंक्शन: कोड वाचता येईल असा कसा लिहायचा

प्रश्न थोडक्यात असा आहे. डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट, ८०५१ या मायक्रोकंट्रोलरवर तापमान नियंत्रक. एलएम३५ सेन्सर, त्याचं व्होल्टेज आकड्यात बदलणारी एडीसी०८०४ चिप आणि रिलेवर पंखा. प्रोग्राम चारशे ओळींचा, लेबलं एल१ ते एल४७. एका जागी दुरुस्ती केली की दुसरीकडे बिघडतं. सी वापरायची परवानगी नाही. सीमधले इफ, व्हाइल, फंक्शन, स्ट्रक्चर असेंब्लीत आणता येतील का, आणि त्यासाठी मॅक्रो (एका नावाखाली बांधलेल्या सूचना) लागतील का?

येतात, आणि मॅक्रो जवळजवळ लागत नाहीत. प्रोसेसरला फक्त उड्या कळतात. इफ आणि व्हाइल हे वाचणाऱ्यासाठी असतात, सीमध्येसुद्धा. त्यामुळे असेंब्लीत करायचं एवढंच: प्रत्येक रचनेसाठी उड्यांचा एकच साचा ठरवायचा आणि तो कधीच मोडायचा नाही. साचा पक्का असला की वाचणाऱ्याला उडी दिसत नाही, ‘जर’ दिसतं.

खालच्या ओळी आपण तोंडाने उच्चारतो तशा देवनागरीत लिहिल्या आहेत. टाइप करताना त्या रोमन अक्षरांत करायच्या, नावांसकट.

आधी नावं

चारशे ओळींतला निम्मा गोंधळ नावं नसल्यामुळे असतो. ‘सीएलआर पी२.०’ या ओळीतून पंखा चालू होतोय की बंद, हे सर्किट समोर ठेवल्याशिवाय सांगता येत नाही. म्हणून फाइलच्या सुरुवातीला सगळी नावं एका ठिकाणी जाहीर करा:

```
के_कमाल       ईक्यूयू  ३५       ; अंश सेल्सिअस, पंखा चालू
के_किमान      ईक्यूयू  ३२       ; अंश सेल्सिअस, पंखा बंद
तापमान        डेटा     ३०एच
ठोके          डेटा     ३१एच     ; ५० मिलिसेकंदांचे
सेकंद_झाला    बिट      २०एच.०
पंखा          बिट      पी२.०     ; ० = चालू
```

तिन्ही ठिकाणी ईक्यूयू वापरून चालतं, पण डेटा आणि बिट वापरा. मग असेंब्लरला त्या नावाची जात कळते आणि बाइटच्या जागी बिट घातला तर तो तिथेच अडवतो.

स्थिरांकांच्या नावाआधी ‘के_’ लावण्याचं कारण ८०५१ ची सगळ्यात जुनी खोड. ‘मूव्ह ए, #३५’ म्हणजे ए या मुख्य रजिस्टरमध्ये पस्तीस. हॅश विसरून ‘मूव्ह ए, ३५’ लिहिलं तर रॅममधल्या पस्तिसाव्या पत्त्यावर जे असेल ते. दोन्ही ओळी बरोबर आहेत, असेंब्लर काही बोलत नाही आणि पंखा मनात येईल तेव्हा फिरतो. नियम ठेवला की ‘के_’ च्या आधी हॅश असलाच पाहिजे आणि बाकी नावांच्या आधी नसलाच पाहिजे, तर ही चूक डोळ्यांना टोचते. शोध-खिडकीत ‘के_’ टाकून मिनिटभरात सगळी फाइल तपासता येते.

हिशेबही असेंब्लरकडूनच करून घ्या. ११.०५९२ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल असेल तर सेकंदाला ९,२१,६०० मशीन सायकल होतात, म्हणजे ५० मिलिसेकंदांत ४६,०८०. टायमर ६५,५३६ पर्यंत मोजतो, म्हणून सुरुवात १९,४५६ वरून, हेक्समध्ये ४सी००एच. कोडमध्ये नुसतं ‘मूव्ह टीएच०, #४सीएच’ दिसलं तर सहा महिन्यांनी ते कुठून आलं हे कोणालाच कळणार नाही. त्याऐवजी:

```
के_ठोका      ईक्यूयू  ४६०८०    ; ५० मिसे, क्रिस्टल ११.०५९२
        मूव्ह   टीएच०, #हाय(०-के_ठोका)
        मूव्ह   टीएल०, #लो(०-के_ठोका)
```

६५,५३६ मधून वजा न करता शून्यातून वजा केलंय, कारण १६ बिटांत हिशेब करणाऱ्या असेंब्लरला ६५,५३६ हा आकडाच मावत नाही. उद्या १२ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल लावला तर एकच ओळ बदलून ५०,००० करायची. हेक्स हाताने लिहावाच लागला तर अक्षराने सुरू होणाऱ्या आकड्याआधी शून्य हवं: ०बी०एच. नुसतं बी०एच लिहिलं तर असेंब्लर ते नाव समजतो.

एडीसीच्या व्हीरेफ-बाय-टू पिनला १.२८ व्होल्ट दिले असतील तर एक पायरी १० मिलिव्होल्टची होते. एलएम३५ एका अंशाला १० मिलिव्होल्टच देतो, म्हणून वाचलेला आकडा हेच थेट तापमान. ही गोष्ट ‘तापमान’ च्या ओळीशेजारी टिपणात लिहून ठेवा. ती कोडमध्ये दुसरीकडे कुठेही दिसत नाही.

जर, नाहीतर

सीमध्ये लिहिलं असतं: तापमान कमालइतकं किंवा जास्त असेल तर पंखा चालू, नाहीतर किमानपेक्षा कमी असेल तर बंद, मधल्या पट्ट्यात जसा आहे तसा. हेच वाक्य टिपण म्हणून आधी लिहा, मग त्याखाली सूचना भरा. साचा असा: अट उलटी करून तपासायची, उलटी अट खरी ठरली तर पुढे उडी, नाहीतर सरळ खाली.

```
पंखा_ठरवा:
        ; जर तापमान >= कमाल
        मूव्ह    ए, तापमान
        सीजेएनई  ए, #के_कमाल, पंखा_तुलना१
पंखा_तुलना१:
        जेसी     पंखा_नाहीतर
        सीएलआर   पंखा               ; चालू
        एसजंप    पंखा_झालं
        ; नाहीतर जर तापमान < किमान
पंखा_नाहीतर:
        सीजेएनई  ए, #के_किमान, पंखा_तुलना२
पंखा_तुलना२:
        जेएनसी   पंखा_झालं
        सेटबी    पंखा               ; बंद
पंखा_झालं:
        रेट
```

सीजेएनई लगेच खालच्या ओळीवरच उडी मारतो हे पहिल्यांदा विचित्र वाटतं. इथे त्याची उडी नकोच आहे, त्याने लावलेला कॅरी बिट हवा आहे, जेसी आणि जेएनसी तोच तपासतात. पहिला आकडा दुसऱ्यापेक्षा लहान असेल तर कॅरी एक होतो. ए मधली किंमत तशीच राहते, म्हणून दुसऱ्या तुलनेआधी ती पुन्हा आणावी लागत नाही. याच कामासाठी सब्ब ही वजाबाकीची सूचना वापरली तर ए बिघडतो, आणि आधी ‘सीएलआर सी’ विसरलात तर शिल्लक कॅरीही वजा होतो आणि उत्तर एकने चुकतं. ती चूक फक्त सीमेवरच्या तापमानाला दिसते, म्हणून तपासणीत सुटते. तुलनेसाठी सीजेएनई हा एकच साचा ठेवा.

काही जण लेबल वाचवायला तिथे ‘डॉलर अधिक ३’ लिहितात, कारण सीजेएनई तीन बाइटचा आहे. हिशेब बरोबर आहे, पण कोणी मध्ये एक सूचना घातली की वाचणाऱ्याला ती उडी कुठे पडते हे बोटांवर मोजावं लागतं. लेबल फुकट असतं, ते रॉममध्ये जागा घेत नाही.

ही तुलना चिन्हाशिवायच्या आकड्यांची आहे, हेही लक्षात असू द्या. एलएम३५ च्या या जोडणीत ऋण आकडा येतच नाही. पण पुढे डीएस१८बी२० हा डिजिटल सेन्सर लावला आणि तापमान उणे ५ आलं, तर बाइट होतो एफबीएच, म्हणजे २५१, आणि कडाक्याच्या थंडीत पंखा सुरू होतो. चिन्हासह तुलना हवी असेल तर दोन्ही बाजूंचा वरचा बिट उलटा करा, म्हणजे एक्सआरएल ८०एच, आणि मग तोच साचा वापरा.

लेबलांच्या नावांकडे पुन्हा पाहा. सगळी ‘पंखा_’ ने सुरू होतात, म्हणजे ती कोणत्या कामाची आहेत ते कळतं, आणि ‘नाहीतर’, ‘झालं’ यांवरून रचनेतली जागा कळते. एल१७ मधून यातलं काहीच कळत नाही.

लूप

एक नियम सगळ्या फाइलभर पाळा: पुढे जाणारी उडी म्हणजे ‘जर’, मागे जाणारी उडी म्हणजे लूप, आणि एका फंक्शनमधून दुसऱ्याच्या मध्यावर उडी कधीच नाही. माझ्या मते या उत्तरातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य हेच. एवढं पाळलं तरी तुमच्या सत्तेचाळीस लेबलांतली बरीचशी आपोआप गळून पडतील.

डीजेएनझेड (एक वजा कर, शून्य झालं नसेल तर उडी मार) म्हणजे सीमधला डू-व्हाइल. काम आधी, तपासणी नंतर. मोजणी कधीच शून्य नसेल तर तो उत्तम. मोजणी बाहेरून येत असेल आणि ती शून्य आली, तर शून्यातून एक वजा होऊन २५५ होतात आणि लूप २५६ वेळा फिरतो. अशा ठिकाणी तपासणी वर हवी:

```
दाखवा_जोवर:             ; जोवर आर२ != ०
        मूव्ह    ए, आर२
        जेझेड    दाखवा_झालं
        मूव्ह    ए, @आर०
        एलकॉल    अक्षर_पाठवा
        आयएनसी   आर०
        डीईसी    आर२
        एसजंप    दाखवा_जोवर
दाखवा_झालं:
```

‘मूव्ह ए, आर२’ ही ओळ वाटते तशी फालतू नाही. ८०५१ ला झीरो फ्लॅग नाहीच. जेझेड त्या क्षणी ए मध्ये काय आहे एवढंच बघतो. ८०८५ शिकून आलेले ‘डीईसी आर२’ नंतर लगेच जेझेड लिहितात आणि लूप भलतीकडेच संपतो किंवा संपतच नाही. आणखी एक: ‘अक्षर_पाठवा’ ने आर० किंवा आर२ बिघडवला तर हा लूप मोडला. ते बिघडत नाहीत हे कुठे लिहिलंय? तोच पुढचा मुद्दा.

फंक्शन म्हणजे करार

सीमध्ये रजिस्टर कोणी सांभाळायचं हे कंपायलर ठरवतो. असेंब्लीत ते तुम्ही लिहून ठरवता. प्रत्येक फंक्शनच्या डोक्यावर पाच ओळी:

```
; तापमान_वाचा: एडीसीकडून एक वाचन
; घेतो    : काही नाही
; देतो    : तापमान (अंश), ए मध्येही तेच
; बिघडवतो : ए, पीएसडब्ल्यू
; स्टॅक   : २ बाइट
```

‘बिघडवतो’ ही ओळ सगळ्यात मोलाची. एक जागा सुधारली की दुसरी बिघडते, हे बहुतेक वेळा इथूनच येतं: आतल्या फंक्शनने आर० वापरायला सुरुवात केली आणि बाहेरच्याला ते माहीत नाही. करार तुमचा तुम्ही ठरवा, पण सगळ्या फाइलला एकच. कीलच्या सी कंपायलरची पद्धत उचलली तरी चालेल: पहिला एक बाइटचा आर्ग्युमेंट आर७ मध्ये, दोन बाइटचा आर६-आर७ मध्ये, उत्तरही तिथेच. पुढे कधी सीमधून हीच फंक्शनं बोलवायची झाली तर त्याचा फायदा होतो.

फंक्शनला बाहेर पडायचा दरवाजा एकच ठेवा. मध्येच रेट लिहिला आणि त्या वाटेवर एक पॉप राहिला, तर रेट (परतायची सूचना) स्टॅकवरचा डेटा पत्ता समजून उचलतो आणि प्रोग्राम रॉममध्ये कुठेही भरकटतो. सगळ्या वाटा ‘_झालं’ या लेबलवर आणा, पॉप आणि रेट तिथेच लिहा, आणि पॉपचा क्रम पुशच्या बरोबर उलटा ठेवा. ‘पुश ए’ ऐवजी ‘पुश एसीसी’ लिहावं लागतं, कारण पुशला थेट पत्ता लागतो. ‘पुश आर०’ चालत नाही. त्यासाठी एआर० हे नाव आहे आणि त्याचा पत्ता यूझिंग या निर्देशावर ठरतो. यूझिंग फक्त असेंब्लरला सांगतो. प्रत्यक्ष बँक बदलायला आरएस० आणि आरएस१ बिट तुम्हालाच लावावे लागतात. एक केलं आणि दुसरं विसरलं तर भलत्याच बँकेचा रजिस्टर पुश होतो.

स्टॅक पॉइंटर रीसेटनंतर ०७एच असतो, म्हणजे पहिला पुश ०८एच वर, आणि तो बँक एकचा आर० आहे. इंटरप्टसाठी बँक एक वापरली असेल तर मुख्य प्रोग्रामचे कॉल तिचे रजिस्टर चिरडत राहतात. पहिल्याच ओळीत ‘मूव्ह एसपी, #५एफएच’ करा. स्टॅकला ६०एच ते ७एफएच असे ३२ बाइट मिळतात आणि ३०एच ते ५एफएच हे ४८ बाइट तुमच्या नावांसाठी उरतात. डोक्यावरच्या ‘स्टॅक’ ओळींची बेरीज, अधिक इंटरप्टचे बाइट, ३२ च्या आत आहे ना ते बघा. एक कॉल दोन बाइट खातो.

इंटरप्टची फंक्शनं छोटी ठेवा. एसीसी आणि पीएसडब्ल्यू पुश, टायमर भरा, ठोके एकने कमी, शून्य झाले तर पुन्हा २० भरून ‘सेकंद_झाला’ लावा, पॉप, आणि शेवटी रेटी ही इंटरप्टमधून परतायची सूचना. रेटीच्या जागी रेट लिहिला तर लक्षण ठरलेलं: इंटरप्ट एकदाच येतो आणि पुन्हा कधी येत नाही, कारण पहिलं काम अजून चालूच आहे असं चिप समजते. व्हेक्टरच्या जागी (इंटरप्ट आला की चिप जिथे उडी मारते तो ठरलेला पत्ता) फक्त एलजंप ठेवा. तिथे आठच बाइट असतात, सगळं काम तिथे मावत नाही.

मग मुख्य लूप एवढाच उरतो:

```
मुख्य_लूप:
        जेएनबी   सेकंद_झाला, मुख्य_लूप
        सीएलआर   सेकंद_झाला
        एलकॉल    तापमान_वाचा
        एलकॉल    पंखा_ठरवा
        एलकॉल    आकडा_दाखवा
        एसजंप    मुख्य_लूप
```

परीक्षकाने फक्त या सहा ओळी पाहिल्या तरी यंत्र काय करतं ते त्याला कळतं.

‘टार्गेट आउट ऑफ रेंज’ ही चूक आली तर लगेच एलजंपची ठिगळं लावू नका. अटीच्या उड्या आणि एसजंप मागे १२८ आणि पुढे १२७ बाइटपर्यंतच जातात. एखादा ‘जर’ त्यापेक्षा लांब झालाय, म्हणजे त्याच्या पोटात एक फंक्शन लपलंय. ते बाहेर काढा, उडी आपोआप आवाक्यात येते.

स्ट्रक्चर आणि स्विच

तीन सेन्सर करायचे ठरलं तर प्रत्येकाची चार बाइटची नोंद करा: मूल्य, कमाल, किमान, स्थिती. ‘न_मूल्य ईक्यूयू ०’, ‘न_कमाल ईक्यूयू १’ असे अंतराचे आकडे द्या. ८०५१ मध्ये पॉइंटर अधिक अंतर असा पत्ता थेट देता येत नाही, म्हणून नोंदीचा पत्ता आर० मध्ये ठेवून ए मध्ये आणा, #न_कमाल मिळवा, आर१ मध्ये टाका आणि @आर१ वाचा. चार सूचना लागतात. ‘आयएनसी आर०’ करत पुढे सरकणं छोटं पडतं, पण नोंदीत एक बाइट वाढला की असं सगळं लिखाण चुकतं.

स्विचसाठी डीपीटीआर या १६ बिटांच्या रजिस्टरमध्ये तक्त्याचा पत्ता आणि ‘जेएमपी @ए+डीपीटीआर’. तक्त्यात एजंप असतील तर क्रमांक दुप्पट करा, एलजंप असतील तर तिप्पट. आधी क्रमांक मर्यादेत आहे का ते तपासलंच पाहिजे, नाहीतर उडी तक्त्याच्या पलीकडे पडते. पर्याय तीन-चारच असतील तर तक्ता करू नका, सीजेएनईची साखळी जास्त स्पष्ट दिसते.

मॅक्रो किती

८०८६ साठी मासम या मायक्रोसॉफ्टच्या असेंब्लरच्या सहाव्या आवृत्तीपासून डॉट-इफ, डॉट-व्हाइल असे तयार निर्देश मिळतात, म्हणून ८०५१ साठीही तसे मॅक्रो करायचा मोह होतो. मी ते टाळायला सांगेन. ‘जर_मोठा’ असा मॅक्रो आत ए बिघडवतो का, कॅरी कसा ठेवतो, किती बाइट घेतो, हे वाचणाऱ्याला दिसत नाही, आणि चूक शोधताना शेवटी लिस्टिंग फाइल उघडून उड्याच वाचाव्या लागतात.

पण एका ओळीचे मॅक्रो जरूर करा. ‘पंखा_चालू’ म्हणजे ‘सीएलआर पंखा’ आणि ‘पंखा_बंद’ म्हणजे ‘सेटबी पंखा’. मग पंखा शून्यावर चालू होतो ही माहिती एकाच जागी राहते, रिले बदलला तर दोनच ओळी बदलतात, आणि वर ‘; चालू’ अशी टिपणं लिहावी लागली तीही जातात. रीसेटनंतर ८०५१ चे पोर्ट एकवर असतात, म्हणून शून्यावर ओढला जाणारा रिलेच निवडा. वीज आल्या क्षणी पंखा झटका मारत नाही. मॅक्रोच्या आत लेबल असेल तर ते लोकल म्हणून जाहीर करा, नाहीतर मॅक्रो दुसऱ्यांदा वापरल्यावर ‘लेबल दोनदा’ अशी चूक येते.

आहे तो प्रोग्राम सुधारताना

चारशे ओळी नव्याने लिहू नका. आत्ता चालणारी हेक्स फाइल बाजूला कॉपी करून ठेवा. आधी फक्त नावं बदला: आकड्यांच्या जागी ईक्यूयू, पत्त्यांच्या जागी डेटा आणि बिट, एल१७ च्या जागी अर्थाचं लेबल. यातल्या कशानेही मशीन कोड बदलत नाही, म्हणून दर दहा-पंधरा बदलांनंतर असेंबल करा आणि नवी हेक्स फाइल जुनीशी जुळवून पाहा. एक बाइट जरी वेगळा आला तरी शेवटच्या पंधरा ओळींत काहीतरी चुकलंय. बहुतेक वेळा हॅश निसटलेला असतो, किंवा दशमान आणि हेक्सची गल्लत असते.

एक फरक मात्र तिथे चांगल्या कारणाने येऊ शकतो. मूळ कोडमध्येच कुठे हॅश राहिला असेल तर ‘के_’ चा नियम लावताना तुमच्याकडून तो आपोआप सुधारला जाईल आणि हेक्स बदलेल. ती दुरुस्ती वेगळी नोंदवा, बोर्डवर चालवून पाहा, आणि पुढची तुलना नव्या हेक्सशी करा.

सगळी नावं लागली की उड्यांना हात घाला, एका वेळी एकच फंक्शन. इथे हेक्स बदलणारच, म्हणून आता बोर्डवर तपासा. एलएम३५ च्या जागी प्रीसेट (फिरवून व्होल्टेज बदलता येणारा रोध) लावून एडीसीला ०.३१, ०.३२, ०.३४, ०.३५ आणि ०.३६ व्होल्ट द्या. हे पाच आकडे पंखा चालू असतानाही द्यायचे आणि बंद असतानाही. ०.३१ ला तो दोन्ही वेळा बंद, ०.३५ आणि ०.३६ ला दोन्ही वेळा चालू, आणि ०.३२ व ०.३४ ला जसा होता तसाच राहिला पाहिजे. अगदी सीमेवर एडीसीचा आकडा एकने मागेपुढे होऊ शकतो, म्हणून ‘तापमान’ मध्ये प्रत्यक्ष काय आलंय ते डिस्प्लेवर बघूनच निकाल द्या. तो आकडा बरोबर असूनही पंखा चुकत असेल तर ‘पंखा_ठरवा’ मधल्या जेसी आणि जेएनसी या दोन ओळी आधी तपासा.